एकच ट्यूनर, तीन-चार अँटेना: कशानंतर काय करायचं

हॅम रेडिओवर अँटेना एकच असतो तोवर ट्यूनर, म्हणजे रेडिओ आणि अँटेना यांची जुळवणी करणारा डबा, फारसा छळत नाही. दुसरा लागला, मध्ये एक स्विच आला, की घोटाळे सुरू होतात. कालपर्यंत ४० मीटरवर (७ मेगाहर्ट्झच्या बँडवर) झकास बसणारी सेटिंग आज बसत नाही, ऑटो ट्यूनर नुसता खडखडत राहतो, किंवा मीटर १.१ एसडब्ल्यूआर (जुळणीचा आकडा, १ म्हणजे परिपूर्ण) दाखवतो आणि हाकेला कोणी ओ देत नाही. अशा वेळी लोक ट्यूनरला शिव्या घालतात. ट्यूनर बहुधा ठणठणीत असतो. चुकलेला असतो तो क्रम.

एक गोष्ट डोक्यात पक्की बसली की निम्मं काम होतं. ट्यूनरची सेटिंग बँडची नसते आणि नुसत्या अँटेनाचीही नसते. ती ठरावीक फ्रिक्वेन्सीवर, ठरावीक केबलने जोडलेल्या, ठरावीक अँटेनाची असते. तिघांपैकी एक बदललं की सेटिंग शिळी झाली.

पुढचं सगळं एचएफ बँड (३ ते ३० मेगाहर्ट्झ) आणि १०० वॅटपर्यंतची रिग (रेडिओ संच) धरून लिहिलं आहे. १४४ मेगाहर्ट्झ किंवा त्यावरचे अँटेना एचएफ ट्यूनरमधून नेऊच नका. त्यांची केबल सरळ रिगला जोडा.

## टप्पा १: केबलना नावं द्या

कंटाळवाणं काम आहे, पण इथे आळस केलेला पुढे दहा वेळा भोवतो. प्रत्येक केबलच्या दोन्ही टोकांना लेबल लावा. एका कागदावर चार गोष्टी लिहा: अँटेनाचा प्रकार, तो मुळात कोणत्या बँडसाठी कापला आहे, केबल कोणती आणि किती लांब, आणि फीडपॉइंटला (केबल अँटेनाला जोडते तिथे) कोणता बॅलन (केबल आणि अँटेना यांच्यातला जुळवणीचा भाग) किंवा ट्रान्सफॉर्मर बसवला आहे.

मग मल्टिमीटर ओमवर ठेवून प्रत्येक केबलच्या शॅकमधल्या, म्हणजे रेडिओच्या खोलीतल्या, टोकाला मधली पिन आणि बाहेरचं आवरण यांच्यात रेझिस्टन्स मोजा. १:१ करंट बॅलनचा साधा डायपोल (मधोमध केबल जोडलेला तारेचा अँटेना) उघडा दिसतो, म्हणजे काहीच जोडलेलं नसल्यासारखा. ४९:१ ट्रान्सफॉर्मरचा एंड-फेड (टोकाला केबल जोडलेला) किंवा ४:१ बॅलनचा ऑफ-सेंटर (मध्यापासून बाजूला केबल जोडलेला) डायपोल बहुतेक वेळा शॉर्ट दाखवतो. या आकड्यावरून अँटेना चांगला की वाईट ते कळत नाही, पण ही त्याची ओळखखूण ठरते. सहा महिन्यांनी डायपोलची केबल अचानक शॉर्ट दाखवू लागली, तर कनेक्टरमध्ये पाणी गेलंय किंवा जाळीचा एखादा तंतू पिनला चिकटलाय हे ट्यूनरला हात न लावता समजतं.

इशारा: ढगाळ, गडगडाटी हवेत हे मोजमाप नको. मोजण्यापूर्वी केबलची मधली पिन क्षणभर अर्थला टेकवा. लांब तारेवर साठलेला स्थिर विद्युतभार नाजूक उपकरण एका फटक्यात संपवतो.

## टप्पा २: स्विच कुठे बसवायचा ते ठरवा

जोडणीचे दोन क्रम आहेत. दोन्ही बरोबर आहेत, पण त्यांची सरमिसळ केली की गोंधळ होतो.

पहिला: रिग, एसडब्ल्यूआर मीटर, ट्यूनर, स्विच, अँटेना. सगळे अँटेना ट्यूनरमधून जातात. जवळपास प्रत्येक अँटेनाला कुठे ना कुठे ट्यूनर लागणार असेल तर हा क्रम घ्या.

दुसरा: रिग, मीटर, स्विच. स्विचच्या एका तोंडावर ट्यूनर आणि त्यापुढे तो एक हट्टी अँटेना, बाकीच्या तोंडांवर रेझोनंट (त्या बँडसाठीच बरोबर कापलेले) अँटेना थेट. ट्यूनरची गरज एकालाच असेल तर मी डोळे झाकून हाच क्रम सांगेन. स्विच कायम ५० ओमच्या बाजूला राहतो आणि चांगल्या अँटेनांच्या वाटेत ट्यूनर येत नाही.

पहिल्या क्रमात स्विचवर ताण येतो, आणि याकडे फार जणांचं दुर्लक्ष होतं. ५० ओमच्या नीट जुळलेल्या लोडमध्ये १०० वॅटला सुमारे ७१ व्होल्ट असतात. तेच १०० वॅट १० एसडब्ल्यूआरच्या लाइनवर गेले तर व्होल्टेजच्या शिखराच्या जागी सुमारे २२४ व्होल्ट होतात. स्विचवर छापलेली वॅटची क्षमता जुळलेल्या लोडसाठी असते. म्हणून "हजार वॅटचा" म्हणून घेतलेला स्वस्त स्विचही ट्यूनरच्या पुढे बसवल्यावर आत ठिणग्या टाकू शकतो.

लॅडर लाइनचा (दोन समांतर तारांच्या केबलचा) डबलेट, म्हणजे मधोमध जोडलेला तारेचा अँटेना, असेल तर ती लाइन कोअॅक्सच्या (मधली पिन आणि बाहेरचं आवरण असलेल्या नेहमीच्या केबलच्या) स्विचमधून न्यायची नाही. ट्यूनरच्या बॅलन्स्ड टर्मिनलला किंवा ट्यूनरच्या अगदी जवळ ठेवलेल्या १:१ करंट बॅलनला ती थेट जोडा. ट्यूनर आणि बॅलन यांच्यातली कोअॅक्स जितकी आखूड तितकी बरी.

तपासणी: ट्यूनरला स्वतःचा अँटेना सिलेक्टर आहे का? असेल आणि बाहेरही स्विच लावला असेल, तर तुमच्याकडे एकामागे एक दोन स्विच झाले. बाहेरचा दोनवर आणि ट्यूनरचा रिकाम्या तोंडावर, ही चूक रोजची आहे. एकच वापरा आणि दुसऱ्याची जागा चिकटपट्टी लावून पक्की करा.

## टप्पा ३: आधी डमी लोड

स्विचच्या एका तोंडावर ५० ओमचा डमी लोड (अँटेनाऐवजी शक्ती उष्णतेत जिरवणारा रेझिस्टर) लावा. ट्यूनर बायपासवर (सिग्नल जुळवणीविना सरळ जाईल असा) ठेवा, १० वॅट कॅरिअर (आवाजाविना नुसता सलग सिग्नल) द्या आणि मीटर बघा. एसडब्ल्यूआर १.१ च्या आसपास यायला हवा. तो नाही आला तर दोष रिगपासून स्विचपर्यंत कुठेतरी आहे: पॅच केबल, सैल पीएल-२५९ कनेक्टर किंवा खुद्द मीटर. हे निस्तरल्याशिवाय एकही अँटेना जोडू नका.

स्विचची मूठ दांड्यावर घट्ट आहे ना, तेही आत्ताच बघा. माझ्या एका स्विचच्या मुठीचा बारीक स्क्रू ढिला झाला होता. खूण "३" वर, आतला संपर्क मात्र "४" वर, आणि चारवर डमी लोड. अख्खी संध्याकाळ मी ४० मीटरवर हाका मारल्या. एसडब्ल्यूआर असा सुरेख की मीटरचा फोटो काढावा. शेवटी टेबलाखाली पाय गेला आणि डमी लोडचा डबा चांगलाच गरम लागला, तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. तेव्हापासून स्विचची प्रत्येक जागा मल्टिमीटरने तपासल्याशिवाय मी पुढे जात नाही.

## टप्पा ४: ट्यूनर बाजूला ठेवून प्रत्येक अँटेना मोजा

अँटेना मुळात कसा आहे हे माहीत नसताना त्यावर ट्यूनर लावणं म्हणजे वजन न पाहता औषध देणं. ट्यूनर बायपासवर, ताकद ५ ते १० वॅट, आणि प्रत्येक अँटेनाचा एसडब्ल्यूआर प्रत्येक बँडच्या सुरुवातीला, मध्यावर आणि शेवटी लिहून घ्या. अँटेना अॅनालायझर किंवा नॅनोव्हीएनए (तेच काम करणारं छोटं उपकरण) असेल तर आणखी उत्तम, हवेत काही सोडावं लागत नाही.

इशारा: अॅनालायझर स्विचच्या तोंडावर लावून ठेवू नका. केबल रिगपासून काढा, अॅनालायझरला लावा, मोजा, परत रिगला लावा. नॅनोव्हीएनए लावलेल्या तोंडावर रिगने एकदा प्रसारण केलं की तो गेलाच.

आता एक फसवी गोष्ट. शॅकमध्ये दिसणारा एसडब्ल्यूआर हा अँटेनाचा खरा एसडब्ल्यूआर नसतो, केबल त्याला गोड करून दाखवते. समजा ३० मीटर आरजी-५८ (बारीक कोअॅक्स) आहे आणि १४ मेगाहर्ट्झवर तिचा स्वतःचा लॉस सुमारे १.५ डेसिबल आहे. अँटेनाच्या टोकाला एसडब्ल्यूआर १० असेल तर शॅकमधला मीटर पावणेचारच्या आसपास दाखवेल. तुम्ही म्हणाल, पावणेचार म्हणजे काही फार नाही, ट्यूनर सांभाळून घेईल. आणि तो घेईलही. मीटरवर १.१ येईल, रिग पूर्ण १०० वॅट देईल. पण केबलमधला एकूण लॉस तोपर्यंत साडेचार डेसिबलवर गेलेला असतो, म्हणजे अँटेनापर्यंत जेमतेम ३५ वॅट पोचतात. बाकीचे केबल गरम करतात. अँटेना जुळलेला असता तर त्याच केबलमधून ७० पोचले असते.

ट्यूनर फक्त रिगला खूश करतो. ट्यूनर ते अँटेना या पट्ट्यातला एसडब्ल्यूआर तो तसूभरही बदलत नाही.

म्हणून मोजमाप हातात आल्यावर अशी वाटणी करा:

* एसडब्ल्यूआर १.५ च्या आत: ट्यूनर बायपास. परत जाणारी शक्ती ४ टक्के असते, तिच्यामागे धावू नका.
* १.५ ते ३: ट्यूनर वापरा. रिगमधला ट्यूनरही साधारण इथवर पुरतो.
* ३ ते १०: बाहेरचा ट्यूनर लागेल. केबल आखूड आणि जाड असेल तर ठीक. लांब, बारीक केबल असेल तर त्या बँडसाठी दुसरा अँटेना निवडा किंवा ट्यूनर फीडपॉइंटला न्या.
* १० च्या वर: कोअॅक्सवरून हा हट्ट सोडा. ४० मीटरचा डायपोल २० मीटरवर चालवायचा म्हणजे नेमकं हेच, कारण तिथे मधोमध इम्पीडन्स (सिग्नलला होणारा विरोध) काही हजार ओमवर जातो. लॅडर लाइनवर हाच अँटेना आनंदाने चालतो.

लांबी नशिबावर सोडलेली तार, म्हणजे रँडम वायर, वापरणार असाल तर तिची लांबी तुमच्या कोणत्याही बँडच्या अर्ध्या तरंगलांबीच्या पटीत येऊ देऊ नका. ७.१ मेगाहर्ट्झला अर्धी तरंगलांबी तारेत साधारण २० मीटर भरते. नेमकी तेवढी तार ९:१ ट्रान्सफॉर्मरवर लावून लोक ट्यूनरशी झगडत बसतात.

## टप्पा ५: हाताने ट्यून करणं

बहुतेक मॅन्युअल ट्यूनर टी प्रकारचे असतात: दोन कॅपॅसिटर आणि मध्ये जमिनीकडे जाणारी कॉइल. ही मांडणी उदार आहे, आणि धोका तिथेच आहे. एकाच अँटेनाला ती एकाहून अधिक ठिकाणी "जुळते", आणि त्यातल्या काही जुळण्या बरीच शक्ती कॉइलमध्येच जाळतात.

१. प्रसारण न करता सुरुवात करा. योग्य अँटेना निवडा. दोन्ही कॅपॅसिटर मध्यावर. कॉइलचा स्विच एकेक घर फिरवत रिसीव्हरमधला खरखराट सगळ्यात मोठा कुठे होतो ते ऐका. मग दोन्ही कॅपॅसिटर फिरवून तो आणखी वाढवा. ८० मीटरला कॉइल जास्त लागते, १० मीटरला अगदी थोडी.

२. मोकळी फ्रिक्वेन्सी शोधा. थोडं ऐका, फ्रिक्वेन्सी वापरात आहे का विचारा, कॉलसाइन (परवान्यातली तुमची ओळख) द्या. चालू संभाषणाच्या डोक्यावर कॅरिअर सोडणाऱ्याला सगळा बँड ओळखून असतो.

३. ताकद १० वॅटवर आणा, मोड सीडब्ल्यू (मोर्स), आरटीटीवाय (टेलिप्रिंटर) किंवा एफएम ठेवा. एसएसबीमध्ये (एचएफवर बोलण्याचा नेहमीचा मोड) बोलल्याशिवाय काही बाहेर पडत नाही, आणि माइकमध्ये शिट्टी वाजवून केलेलं ट्यूनिंग बेभरवशाचं असतं.

४. परतीच्या शक्तीचा काटा बघा. चार-पाच सेकंद कॅरिअर द्या, अँटेनाच्या बाजूचा कॅपॅसिटर हलवून काटा खाली आणा, मग रिगच्या बाजूचा, मग पुन्हा पहिला. दोघं एकमेकांवर अवलंबून असतात, त्यामुळे एकदा फिरवून भागत नाही.

५. खाली येत नसेल तर कॅरिअर बंद करा, कॉइल एक घर हलवा, पुन्हा चौथ्या पायरीवर या.

६. जुळलं? लगेच खूश होऊ नका. कॉइल आणखी एक घर कमी करून पुन्हा जुळतं का बघा. कॉइल कमीत कमी आणि कॅपॅसिटर जास्तीत जास्त असलेली जुळणी ठेवायची. आकडा वाढला म्हणजे क्षमता वाढली, असं प्रत्येक ट्यूनरवर नसतं. मॅन्युअल बघा, नाहीतर रिग बंद करून, अँटेना काढून झाकण उघडा: पाती एकमेकांत पूर्ण शिरलेली असतात तिथे कॅपॅसिटर सर्वाधिक.

इशारा: टॅपवाल्या कॉइलचा स्विच प्रसारण चालू असताना कधीही फिरवू नका. संपर्क सुटतो त्या क्षणी ठिणगी पडते आणि संपर्क जळतात. १० वॅटलाही ही सवय नको, कारण एक दिवस ताकद कमी करायचं विसरायला होतंच.

## टप्पा ६: ऑटो ट्यूनर असेल तर

बटण दाबलं की झालं, अशी त्याची ख्याती आहे. एका अँटेनाला ती लागूही पडते. अनेक अँटेना आले की गडबड होते ती मेमरीची. ऑटो ट्यूनर फ्रिक्वेन्सीनुसार सेटिंग लक्षात ठेवतो. काही ट्यूनरना दोन तोंडं असतात आणि प्रत्येकाची मेमरी वेगळी असते. पण तुम्ही बाहेरून लावलेला साधा स्विच त्याला दिसत नाही. ७.१ वर डायपोलची सेटिंग साठवली, स्विच व्हर्टिकलवर (उभ्या अँटेनावर) नेला, की ट्यूनर त्याच फ्रिक्वेन्सीची जुनी सेटिंग निष्ठेने समोर ठेवतो. तुम्ही पुन्हा ट्यून केलं की नवी सेटिंग जुनीवर लिहिली जाते. परत डायपोलवर आलात की पुन्हा तेच.

तेव्हा नियम साधा: बाहेरचा स्विच हलवला की मेमरीवर विश्वास नाही, पूर्ण ट्यूनिंग सायकल चालवायची.

रिगमधला ट्यूनर आणि बाहेरचा ट्यूनर एकाच वेळी चालू ठेवू नका. एकाने जुळवलेलं दुसरा बिघडवतो. बाहेरचा वापरायचा असेल तर आतला बंद.

## टप्पा ७: चालू असताना अँटेना बदलणं

हा क्रम लिहून रिगच्या वर चिकटवा:

१. प्रसारण थांबवा. कळ सुटली आहे याची खात्री करा.
२. ताकद १० वॅटवर आणा.
३. ट्यूनर बायपासवर टाका.
४. अँटेना स्विच हलवा.
५. रिसीव्हर ऐका. बँड अचानक मेल्यासारखा शांत झाला तर स्विच डमी लोडवर किंवा रिकाम्या तोंडावर आहे.
६. बायपासवरच क्षणभर कॅरिअर देऊन एसडब्ल्यूआर कागदावरच्या आकड्याशी ताडा.
७. जुळत असेल तरच ट्यूनर चालू करून ट्यून करा.

सहावी पायरी लोक गाळतात. वेळ वाचतो तो फक्त तीन सेकंदांचा. पण तुटलेली तार किंवा भिजलेला कनेक्टर पकडायची हीच जागा आहे. ट्यूनर एकदा मध्ये आला की तो दोषही "जुळवून" टाकतो.

दोन रिग आणि एक स्विच अशी मांडणी असेल तर दोन तोंडांमधलं आयसोलेशन बघा. ५० डेसिबल असेल तर १०० वॅटपैकी १ मिलिवॅट दुसरीकडे झिरपतो. ३० डेसिबल असेल तर १०० मिलिवॅट, आणि तेवढं नाजूक रिसीव्हरचं पुढचं टोक बिघडवायला पुरेसं आहे.

## टप्पा ८: ताकद वाढवणं

१० वॅटला जुळलं की २५, मग ५०, मग १००. प्रत्येक पायरीवर काटा दोन सेकंद बघा. एसडब्ल्यूआर जागचा हलला नाही पाहिजे.

ताकद वाढवताना काटा उड्या मारू लागला किंवा ट्यूनरमधून चरचर ऐकू आली तर आत ठिणगी पडते आहे. थांबा आणि कमी कॉइलची दुसरी जुळणी शोधा. काटा हळूहळू सरकत असेल तर काहीतरी तापतं आहे, बहुधा बॅलन किंवा ट्रान्सफॉर्मरचा गाभा. प्रसारण बंद करून, थोडं थांबून हात लावा. लॅडर लाइन किंवा सुट्या तारेचं टर्मिनल ट्यूनरच्या मागे उघडं असेल तर प्रसारण चालू असताना बोट तिकडे जाता कामा नये. आरएफचा चटका कातडीच्या आतपर्यंत जातो आणि भरायला वेळ घेतो.

## टप्पा ९: तक्ता

प्रत्येक अँटेनासाठी वेगळा कागद. रकाने: फ्रिक्वेन्सी, बायपासवरचा एसडब्ल्यूआर, पहिला कॅपॅसिटर, कॉइल, दुसरा कॅपॅसिटर, जुळल्यावरचा एसडब्ल्यूआर, हवा कोरडी की ओली. शेवटचा रकाना थट्टा नाही. पावसात भिजलेली लॅडर लाइन वेगळी सेटिंग मागते.

८० मीटरवर २०-३० किलोहर्ट्झ सरकलात तरी पुन्हा ट्यून करावं लागू शकतं. २० मीटरवर १०० किलोहर्ट्झपर्यंत बहुधा निभावतं.

अँटेना एकमेकांच्या जवळ असतील तर तक्ता करताना न वापरलेल्या अँटेनांची स्थिती जशी होती तशीच पुढेही ठेवा. काही स्विच न निवडलेली तोंडं जमिनीला जोडतात, काही उघडी सोडतात. शेजारच्या तारेची केबल काढून ठेवली की वापरातल्या अँटेनाचा एसडब्ल्यूआर बदलतो, आणि मग तक्ता खोटा ठरल्यासारखा वाटतो.

## अडलं तर आधी हे बघा

बँड बदलला तरी ट्यूनिंग जागचं हलत नाही, एसडब्ल्यूआर सगळीकडे छान. डमी लोड. किंवा केबलमध्ये इतकं पाणी गेलंय की तीच डमी लोड झाली आहे.

केबलला हात लावला की एसडब्ल्यूआर बदलतो, माइक चटका देतो, कीबोर्ड वेडा होतो. कोअॅक्सच्या बाहेरच्या बाजूने करंट परत येतो आहे. हे ट्यूनर फिरवून जाणार नाही. फीडपॉइंटला चोक (हा करंट अडवणारा भाग) लावा. एंड-फेड किंवा रँडम वायर असेल तर काउंटरपॉइज (अँटेनाच्या जोडीची परतीची तार) नीट आहे का बघा.

जुळतं, पण ऐकू काहीच येत नाही. स्विच, पॅच केबल, मग तार, याच क्रमाने. प्रत्येक ठिकाणी टप्पा १ मधला ओमचा आकडा ताडून बघा.

काम संपल्यावर स्विच अर्थच्या जागी ठेवला, मग वीज पडली तर? स्विचची अर्थची जागा ही वीज कोसळण्यापासूनचं संरक्षण नव्हे. आत काही मिलिमीटरचं अंतर असतं, विजेला ते दिसतही नाही. आभाळ भरून येण्याआधीच केबल स्विचमधून काढा आणि घराबाहेर ठेवा. गडगडाट सुरू झाल्यावर त्या केबलला हात लावायला जाऊ नका.